डुकराच्या किडनीवरचा पांढरा डाग काय सांगतो?

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील. पण पाच मिनिटं द्या.

कत्तलखान्यात डुक्कर कापल्यावर मांस तपासणारा पशुवैद्य किडन्याही बघतो. कधी कधी त्यांच्यावर मोहरीएवढे पांढुरके डाग दिसतात. डुक्कर मात्र जिवंतपणी ठणठणीत असतं. खातंय, पितंय, वजन वाढतंय.

मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे मला हा डाग एरर लॉगसारखा वाटतो. इथं कधीतरी गडबड झाली, एवढं तो सांगतो. कुणी केली, ते सांगत नाही. कारण संशयित बरेच आहेत. लेप्टोस्पायरा हा जिवाणू आहे. पोर्साइन सर्कोव्हायरस २ आहे. पीआरआरएसचा विषाणू आहे. तिघांमुळेही किडनीच्या पेशींमध्ये सूज येते आणि डाग साधारण सारखेच दिसतात. स्वाइन फीव्हरची खूण वेगळी असते: किडनीवर रक्ताचे बारीक लाल ठिपके, टर्कीच्या अंड्यावर असतात तसे. म्हणून नुसत्या डोळ्यांनी निकाल लावता येत नाही. पीसीआरसारखी तपासणी लागते.

यातला लेप्टो आपल्या ओळखीचा. २००५च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. आपण त्याचं खापर उंदरावर फोडतो, आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण हा जिवाणू डुकराच्या किडनीतल्या सूक्ष्म नळ्यांमध्येही मुक्काम ठोकतो आणि कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने, लघवीतून बाहेर पडत राहतो.

युरोपात आल्प्सच्या भागात चीज बनवायच्या डेअऱ्यांजवळ डुकरं पाळत. त्यांची राखण करणाऱ्या तरुण पोरांना जोराचा ताप यायचा, डोकं फुटेल असं दुखायचं. या आजाराला नावच पडलं, डुक्करराख्यांचा आजार! १९४०च्या दशकात स्विस डॉक्टर ओटो ग्सेल यांनी त्याचा संबंध लेप्टोस्पायरा पोमोनाशी जोडला. पोमोना हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधलं एक गाव. हा प्रकार तिथं एका डेअरी कामगारात सापडला होता.

आता मुद्दा. नीट शिजवलेल्या मांसात हा जिवाणू टिकत नाही. म्हणजे ताटापेक्षा धोका जास्त कुणाला? जो ती किडनी हातानं काढतो त्याला. बोटाला चीर असेल, डोळ्यात शिंतोडा उडाला, तरी पुरे. ताप आला की तो 'व्हायरल असेल' म्हणून गोळी घेतो आणि कामावर जातो. इकडे उशीर झाला, तर त्याचीच किडनी निकामी होऊ शकते.

म्हणून हातमोजे, गमबूट, डोळ्यांवर चष्मा, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. आणि ताप आलाच, तर डॉक्टरांना आधी सांगायचं, 'मी कत्तलखान्यात काम करतो.' या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते. वेळेत कळलं तर साध्या अँटिबायोटिकनं माणूस बरा होतो.

तुमच्या ओळखीत कुणी खाटीककाम किंवा वराहपालन करत असेल, तर हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!