बालकांच्या वाढीचे माप : वजनकाट्यापलीकडे



‘बाळसेदार मूल म्हणजे निरोगी मूल’ ही समजूत घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. परंतु डोळ्यांना दिसणारे बाळसे आणि शरीरात साठणारी चरबी या दोन भिन्न गोष्टी होत.

मुलाच्या स्थूलतेची पहिली चाचणी म्हणजे ‘बॉडी मास इंडेक्स’. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. उंची १४० सेंटीमीटर व वजन ३८ किलो असल्यास तो सुमारे १९.४ येतो. प्रौढांसाठीची ठरावीक मर्यादा मुलांना लागू पडत नाही. वय आणि लिंग पाहून तो तक्त्याशी ताडावा लागतो. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे तक्ते प्रसिद्ध केले आहेत.

तथापि हा निर्देशांक चरबी आणि स्नायू यांत भेद करीत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु शरीरातील चरबी डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के, तर प्रा. युडकिन यांची ९.१ टक्के! पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या अंगावरील चरबी त्या प्रमाणात कमी नसते, हेही डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले. सडपातळ मूलही म्हणूनच पूर्णतः निर्धोक समजू नये.

येथे साध्या मोजपट्टीचे साहाय्य होते. मुलास सरळ उभे करावे. श्वास सहज सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर पट्टी न आवळता आडवी धरावी. पाच वर्षांपुढील मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. वरील उदाहरणातील मुलाची कंबर ७० सेंटीमीटर वा अधिक भरली, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

माप ही सूचना आहे, निदान नव्हे. मापावरून मुलास चारचौघांत हिणवू नये, अथवा परस्पर त्याचे जेवणही तोडू नये. वर्षातून दोनदा उंची, वजन व कंबर मोजून वहीत नोंद ठेवावी. वाढत्या वयातील ही छोटी नोंद पुढील आयुष्यातील मधुमेह व हृदयविकाराची वाट वेळीच अडवू शकेल.