आमचे आप्पा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



गेल्या आषाढात आमचे आप्पा गेले. आपण सगळे त्यांना ओळखायचात ते पंपावरून. पहाटे पाचला टाकीचा पंप चालू करायला ते खाली हजर. कमिटीने सांगितलेलं नव्हतं बरं का! पहिल्या पाळीची सवय, दुसरं काय.

रत्नागिरीहून बोटीने ते भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा सतरा वर्षांचे होते. लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत वीस जण, तेही पाळीपाळीने झोपणारे. जेवण खानावळीत. गिरणीत साचाखात्यात आधी बदली, मग कायम. आजीची मनिऑर्डर मात्र कधी चुकली नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. मी सातवीत होतो. आप्पांना गिरणीत पुन्हा जाता आलं नाही. रात्री एका गोदामावर ते राखण करायचे. आईच्या पाटल्या गेल्या. त्यावर घरात चकार शब्द निघाला नाही. माझी फी वेळेवर भरली जायची.

साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. ते समोरच्याचे ओठ वाचायचे. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर वाढली, त्यामुळे लहानपणापासून ती तोंड समोर करून, एकेक शब्द सुटा बोलते. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली की आप्पा विचारायचे, "काय बोललीस? सांग बघू." आणि ती सगळं भाषण पुन्हा म्हणायची, आवाज न काढता.

आज सूत्रसंचालन तीच करते आहे.