हात आणि रॅकेट



या मालेत विद्वान वक्त्यांची वर्दळ असते. त्यांच्यात एखादा दिवस कामगार-चळवळीतल्या माणसाला द्यावा आणि त्याला विषय द्यावा बॅडमिंटनच्या रॅकेटींचा, ही चालकांची रसिकता म्हणायची की धाडस, याचा निर्णय व्याख्यानानंतर आपणच करा. आमचे शिक्षण शाळेत थोडे, लेथवर पुष्कळ आणि राहिलेले सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे रॅकेटीकडे आम्ही एक हत्यार म्हणून पाहतो. हत्यार चांगले की वाईट, हे कोणी ठरवायचे? विकणाऱ्याने, विकत घेऊन देणाऱ्याने, की ज्याच्या हातात ते दिवसभर राहणार त्याने? आमचे सारे आयुष्य या प्रश्नाभोवती गेले. आज तोच प्रश्न खेळाच्या मैदानावर नेऊन पाहू.

हा खेळ आपल्याला परका नाही. एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी तो पुण्यात खेळत, आणि या शहरावरून त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरची स्पर्धा जिंकली आणि परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. तो जमाना लाकडी रॅकेटींचा. आमच्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना ती रॅकेट आठवत असेल. खेळ संपला की ती लाकडी शिकंज्यात घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळायचे. नाहीतर पावसाळ्यात तिचे तोंड पापडासारखे वाकडे व्हायचे. पुढे पोलादी दांडी आली, अॅल्युमिनियम आले, आणि आता कार्बनचे तंतू राळेत बसवून केलेली, ग्रॅफाइटची म्हणतात ती रॅकेट आली. गटिंग सोडून तिचे वजन ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या आसपास असते. नियम लांबीरुंदीला बंधन घालतात: लांबी ६८० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, रुंदी २३० पेक्षा जास्त नको. वजनाला मात्र त्यांनी बंधन घातलेले नाही; आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

दुकानात गेलात तर दांडीच्या मुळाशी बारीक अक्षरांत काही खुणा दिसतील. योनेक्स या जपानी कंपनीच्या खुणांत ‘३ यू’ म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ‘४ यू’ म्हणजे ८० ते ८४ आणि ‘५ यू’ म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन कमी. मुठीच्या जाडीचेही तसेच: ‘जी ४’ पेक्षा ‘जी ५’ बारीक. आता कोणी म्हणेल, पाच ग्रॅमने काय होते? पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर साखर. पण ही साखर मुठीत आहे की टोकाला, यावर सारे अवलंबून आहे. घरी गेल्यावर एक हातोडा घ्या. तो दांड्याच्या टोकाशी धरून फिरवा, मग डोक्याजवळ धरून फिरवा. काट्यावर वजन तेच, पण मनगटाला विचाराल तर ते शपथेवर सांगेल की हे दोन वेगळे हातोडे आहेत. वजन फिरण्याच्या जागेपासून दुप्पट दूर गेले, की ते फिरवायला चौपट जड जाते. म्हणून रॅकेटीच्या बाबतीत एकूण वजनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तिचा तोल महत्त्वाचा.

तोलावरून रॅकेटींच्या तीन जाती पडतात: डोके जड, डोके हलके आणि समतोल. डोके जड असलेली रॅकेट मागच्या रेषेवरून मारणाऱ्याची. एकदा ती वेगात आली की स्वतःच्या भाराने शटलमधून आरपार जाते. स्मॅश जड बसतो, आणि उंच टोला पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत कमी कष्टात पोचतो. पण तिला हलवायला वेळ लागतो. समोरच्याने छातीवर स्मॅश मारला, की ती वळेपर्यंत शटल जमिनीवर पडलेले असते. डोके हलके असलेली रॅकेट पटकन वळते. नेटपाशी, अंगावर आलेला मारा परतवताना, दुहेरीतल्या झटापटीत तिच्यासारखी मैत्रीण नाही. मात्र मागून मारताना भाराचे काम तुमच्या हाताला करावे लागते. समतोल रॅकेट कुठेच अडत नाही आणि कुठेच दिपवत नाही; संसारी माणसाला पुष्कळदा तीच परवडते.

दुसरा गुण दांडीचा. काही दांड्या ताठ, काही लवचीक. हात मागून पुढे येताना दांडी किंचित वाकते आणि शटलपाशी येताना सरळ होते. ज्याचा हात वेगवान, तो ताठ दांडीही वाकवतो, आणि त्याला शटल हवे तिथे टाकता येते. ज्याचा हात संथ, त्याने तीच दांडी घेतली तर ती वाकतच नाही. लाटण्याने मारल्यासारखे वाटते आणि सारा धक्का कोपरात व खांद्यात जातो. त्याला लवचीक दांडी हवी. विजेत्यांच्या हातातल्या रॅकेटी बहुधा ताठ असतात, याचे कारण विजेत्यांचे हात तसे असतात. रॅकेट विकत घेता येते, तिच्याबरोबर हात मिळत नाही.

तिसरा गुण गटिंगचा. याच्याकडे आपले लोक सर्वांत कमी पाहतात. वीस-बावीस पौंडांच्या ताणाची जाळी थोडी आत जाऊन शटल बाहेर फेकते, म्हणजे कष्ट थोडे तीच करते. ताण वाढवावा तसतसा नेम सुधारतो, पण फेक कमी होते. आणि जाळीचा जो मधला भाग गोड लागतो तो लहान होत जातो. तीस पौंडांच्या आसपास ताणलेली रॅकेट रोज सराव करणाऱ्याच्या हाती वीणा आहे, आणि आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याच्या हाती पाट. शिवाय दोर बारीक असला की आवाज छान येतो आणि तो लवकर तुटतो. सत्तर शतांश मिलिमीटरचा जाड दोर आवाज कमी करतो पण महिने काढतो. एकाच कारखान्याच्या, एकाच जातीच्या दोन रॅकेटी वेगवेगळ्या गटिंगने इतक्या निराळ्या लागतात, की ज्याला रॅकेट आवडेनाशी झाली त्याने आधी ती टाकू नये, गटिंग बदलून पाहावे.

आता आमच्या क्लबातल्या एका प्रयोगाची हकीगत सांगतो. आमच्या युनियनच्या करमणूक मंडळापुढे एक वाद आला. शिल्लक थोडी होती. तरुण मंडळींचे म्हणणे, विजेते वापरतात तशी पंधरा हजारांच्या घरातली एक रॅकेट घ्या, सगळे आळीपाळीने वापरू. वडील मंडळींचे म्हणणे, स्वस्तातल्या सहा एकसारख्या घ्या म्हणजे कोणाचा हेवा नको. दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. भाषणांनी प्रश्न सुटत नाहीत, हे आम्हांला भाषणे करूनच कळले आहे. तेव्हा ओळखीच्यांकडून चार रॅकेटी मागून आणल्या: एक डोके जड व दांडी ताठ, एक डोके जड व दांडी लवचीक, एक समतोल, एक ‘५ यू’ची डोके हलके असलेली. चौघींना एकच दोर, एकच ताण चोवीस पौंडांचा. किमती कोणाला सांगितल्या नाहीत, नावांवर कागद चिकटवला. शटल मात्र आम्ही रोज वापरतो तीच, प्लास्टिकची. कारण सोळा पिसांची खरी शटल आम्हांला रोज परवडत नाही, आणि ज्या शटलने खेळायचे त्याच शटलने पारख करावी.

प्रत्येकाला मत दोनदा विचारले: पहिल्या पाच मिनिटांनंतर आणि तिसऱ्या गेमनंतर. पहिल्या पाच मिनिटांत बहुतेकांनी जड डोक्याच्या ताठ रॅकेटीला कौल दिला. स्मॅशचा आवाज मोठा, छाती फुगलेली. तिसऱ्या गेमला तेच वीर तीच रॅकेट भिंतीला टेकवून ठेवू लागले. हात वर जायला उशीर होत होता, उंच टोले मधल्या कोर्टात पडत होते, आणि समोरचा तिथेच टपून बसला होता. ताठ रॅकेट शेवटपर्यंत एकाच मुलाने हातात ठेवली. तो रोज पहाटे सराव करणारा होता आणि ती त्याला शोभली. पॅकिंग खात्यात दिवसभर खोकी उचलणाऱ्या आमच्या एका भगिनीने पहिली रॅकेट दोन टोल्यांत खाली ठेवली. खांदा दुखतो म्हणून त्या खेळ सोडायच्या बेतात होत्या. समतोल रॅकेटीने त्यांचा उंच टोला प्रथमच मागच्या रेषेवर पडला, आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे दोष माझ्या खांद्याचा नव्हता तर!” कागद काढला तेव्हा कळले, की सर्वांत महाग रॅकेट सर्वांत कमी हातांना मानवली होती.

याचा अर्थ महाग वस्तू वाईट, असा कोणी काढू नये. जे काम तिच्यासाठी ठरले आहे त्यात ती अद्वितीय असते. पण ठोकताळ्यांवरही फार विसंबू नये. जड डोक्याशिवाय स्मॅश नाही, असे क्लबाक्लबांतून सांगतात. आपला सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने एप्रिल २०२३ मध्ये जपानात, मोजणीसाठी मारलेल्या स्मॅशने ताशी ५६५ किलोमीटर वेग गाठून विक्रम केला, तो हलक्या डोक्याच्या जातीतल्या रॅकेटीने! हाताचा वेग असला की हलके डोके अडत नाही. तसेच जोडीच्या खेळाचे. एका प्रसिद्ध जातीत दोन वेगळ्या रॅकेटी निघाल्या आहेत: एक मागून मारणाऱ्यासाठी, दुसरी नेट सांभाळणाऱ्यासाठी. म्हणजे जोडीतल्या दोघांची हत्यारेसुद्धा एक नसतात. समता म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा नव्हे, हे कारखानदारापेक्षा आधी या खेळाने ओळखले.

कारण हा प्रश्न खेळापुरता नाही. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, जुळणी खात्यासाठी एकाच जातीची स्क्रू आवळण्याची यंत्रे घाऊक आणली गेली. मूठ जाड, वजन सारे पुढे. ज्यांचे पंजे लहान त्यांची, विशेषतः बायकांची, मनगटे महिनाभरात सुजली. वरून उत्तर आले: यंत्र उत्तम आहे, कामगारांना सवय नाही. आम्ही वाटाघाटीला गेलो तेव्हा आकडेवारीबरोबर एक रॅकेटही नेली. साहेब स्वतः खेळाडू. त्यांना विचारले, आपली मूठ कोणत्या मापाची? त्यांनी झटकन सांगितली, आणि सांगता सांगता हसले. पुढे तीन मापांच्या मुठी आल्या. यात आमच्या वक्तृत्वाचे श्रेय नाही. हाताला मत असते, हे त्यांना खेळामुळे आधीच ठाऊक होते, फक्त ते कोर्टावर ठेवून ते कचेरीत येत असत.

तर मग रॅकेट घ्यायची कशी? दुकानात हवेत फिरवून घेऊ नये. हवेत सगळ्याच छान फिरतात. मित्राची मागून घ्या, तीन गेम खेळा. मागच्या रेषेवरून उंच टोला मारून पाहा, अंगावरचा मारा परतवून पाहा, उलट्या हाताने मारून पाहा. मूठ सैल धरता येते का, आणि मारताना क्षणभर आवळता येते का, ते पाहा. बारीक मूठ सारखी आवळावी लागते, फार जाड मूठ बोटांना काम करू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्याला आणि कोपराला विचारा. ते दोघे खोटे बोलत नाहीत, आणि त्यांना जाहिरात वाचता येत नाही.

आमच्या मंडळाने शेवटी काय केले, हे सांगायचे राहिले. एक महाग नाही आणि सहा सारख्याही नाहीत. मध्यम किमतीच्या चार निरनिराळ्या घेतल्या, आणि गटिंगसाठी पैसे बाजूला ठेवले. कपाटावर कोणाची कोणती असे लिहिलेले नाही. येणारा प्रत्येक जण आधी चारही हातांत घेऊन पाहतो आणि मग आपली ओळखतो. आपल्या गावातल्या शाळांनी आणि क्लबांनी असे एकेक कपाट केले, तर पुष्कळ मुलांचे पैसे वाचतील आणि त्याहून पुष्कळ खांदे वाचतील.