लेण्यांत वसलेलें चर्च

नाशिककरांना लेणीं नवीं नाहींत. त्रिरश्मीच्या डोंगरांतील लेण्यांना आपण पांडवलेणीं म्हणतों; परंतु तीं कोरलीं गेलीं बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठीं. पुढें तेथें बुद्धाच्या मूर्ति आल्या आणि अकराव्या लेण्यांत जैन मूर्तिहि कोरल्या गेल्या. एकाच खडकानें अनेक उपासक पाहिले. हें ध्यानांत ठेवून आज आपण साष्टींतील मंडपेश्वरास जाऊं.

बोरिवलीच्या पश्चिमेस आज दाट वस्ती आहे. एके काळीं तो खेड्यांचा मुलूख होता. चर्च म्हटलें कीं उंच मनोरा व उतरतें छप्पर डोळ्यांपुढें येतें. येथें मात्र प्रार्थनेचें दालन कोणीं बांधलेंच नाहीं. तें खडकांत आधींच तयार होतें. सुमारें सहाव्या शतकाच्या पुढेंमागें शिवोपासकांनीं येथें खांबांचा मंडप, गाभारा आणि नृत्यमग्न शिवाचें भव्य शिल्प कोरलें होतें. सोळाव्या शतकाच्या मध्यास अंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाच्या पुढाकारानें त्याचें चर्च झालें, आणि वरच्या खडकावर मठाची व पाठशाळेची इमारत उठली.

बांधणें म्हणजे दगडावर दगड चढवणें. कोरणें म्हणजे नको तेवढा दगड काढून टाकणें. मंडपेश्वरीं हीं दोन्हीं शास्त्रें एकावर एक उभीं आहेत, आणि काळानें त्यांची परीक्षाहि घेतली आहे. इ. स. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं साष्टी व वसई जिंकली, तेव्हां पोर्तुगीजांचा अंमल संपला. वरच्या इमारतीचें छप्पर आज नाहीं. उघड्या भिंती तेवढ्या राहिल्या आहेत. खालचा मंडप मात्र आपलें छत सांभाळून आहे. बांधलेल्या घराला दर पावसाळ्यापूर्वीं धन्याचा हात लागतो. डोंगराच्या पोटांतील दालनाला तो फारसा लागत नाहीं.

आंत एका भिंतीवर मूळचें शिल्प तासून तेथें क्रूस काढलेला दिसतो. हा घाव आहे, आणि तो घाव नाहीं असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. परंतु त्या क्रुसापुढें पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं गुडघे टेकले, ते बव्हंशीं याच मातींतले शेतकरी व कोळी होते. त्यांची श्रद्धाहि तितकीच खरी. आज लेणें पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, आणि मेरीमातेचें चर्च जवळच स्वतंत्र नांदत आहे.

दोहोंपैकीं एक खूण पुसून दुसरी उजळावी, असा मोह कोणासहि होऊं शकेल. तसें केल्यास निम्मी हकीकत मुकी होईल. मंडपेश्वरीं जाल तेव्हां शिवाचें शिल्प पाहा, क्रूसहि पाहा, आणि मग वर चढून त्या छप्पर नसलेल्या भिंती पाहा. तिन्ही मिळूनच ती वास्तु पुरी होते.