लासलगावचा कांदा आणि किरणोपचाराचे भय

(न्यासाच्या वार्षिक मेळाव्यात किरणोपचार विभागाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विभागाच्या कार्याचे आकडे अहवालात अन्यत्र दिलेले आहेतच. आज आम्ही एका प्रसंगापासून आरंभ करू इच्छितो.

निफाड तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी घशाच्या कर्करोगासाठी आमच्याकडे ‘लाईट’ घेत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी येणे थांबविले. चौकशी केली तेव्हा कळले की, आपल्या अंगातून किरण बाहेर पडतात व ते नातवंडांना बाधतात, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ते घराबाहेरच्या पडवीत एकटे निजत होते. चूक सांगणाऱ्याची होती, तशी आमचीही होती. यंत्राखाली निजवण्याआधी आम्ही त्यांना पुरेसे समजावलेच नव्हते.

आम्ही त्यांना लासलगावची आठवण करून दिली. भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली त्यांच्याच तालुक्यात ‘कृषक’ हे केंद्र उभारले. तेथे कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणे थांबविले जाते. तो कांदा किरणोत्सारी होत नाही; लोक तो निःशंकपणे खातात. आमच्या यंत्रातही कोबाल्ट-60 च आहे. किरण शरीरातून जातात, पेशींच्या गाभ्यातील वाढीची सूत्रे तोडतात आणि संपतात. यंत्र बंद झाले की मागे काही उरत नाही. आजोबा क्षणभर थांबून म्हणाले, “मग नातीला मांडीवर घेतली तर चालंल?” दुसऱ्या दिवशी ते परत आले.

येथे एक भेद सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-131 पोटात दिले जाते, तेव्हा औषधच शरीरात असते. त्या रुग्णाने काही दिवस, विशेषतः बालके व गर्भवती यांच्यापासून, दूर राहणे आवश्यकच असते. दोन्ही उपचारांना ‘किरण’ हा एकच शब्द लावल्याने हा घोटाळा होतो.

देणगीदारांपैकी काहींनी विचारले होते की, शास्त्रज्ञ क्षणभरही न टिकणारी मूलद्रव्ये निर्माण करण्यात आयुष्य का वेचतात? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या नावाला 2016 साली मान्यता मिळाली, त्या 118 क्रमांकाच्या ओगानेसॉनचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच अणू मिळाले, आणि तेही सेकंदाच्या सहस्रांश भागाच्या आसपासच टिकले. त्याचा रुग्णाला काही उपयोग नाही, हे आम्ही स्पष्टपणे मान्य करतो. परंतु ज्या मार्गाने विज्ञान तेथवर पोहोचले, त्या मार्गावरच आमची औषधे सापडली. 106 क्रमांकाच्या अतिजड मूलद्रव्याला ज्यांचे नाव दिले गेले, त्या ग्लेन सीबोर्ग यांनी 1938 साली जॉन लिव्हिंगूड यांच्यासह आयोडीन-131 शोधले. पुढे हेच औषध सीबोर्ग यांच्या मातोश्रींच्या उपचारात उपयोगी पडले. त्याच वर्षी त्यांनी एमिलिओ सेग्रे यांच्यासमवेत टेक्नेशियम-99एम ओळखले. आज हाडे, हृदय व मूत्रपिंडे यांच्या गॅमा कॅमेऱ्यावरील तपासणीत त्याचाच सर्वाधिक वापर होतो.

ही परंपरा आपल्या महाराष्ट्रातही रुजली. तुर्भे येथे 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. 1963 साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले आणि 2002 साली तेथेच देशातील पहिली पेट तपासणी सुरू झाली. तुर्भे येथील शास्त्रज्ञांनी ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र घडविले. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये 2023 पासून प्रोटॉन किरणांनीही उपचार होत आहेत.

तथापि या विद्येला घड्याळाचे बंधन आहे. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते. पेट तपासणीचे फ्लोरीन-18 एकशे दहा मिनिटांत निम्मे होते. मुंबईहून कसारा घाट चढून नाशिकला यावयास साडेतीन-पावणेचार तास लागले, तर जवळजवळ चौथा हिस्साच हाती उरतो. कोबाल्टचा स्रोत सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. म्हणजे आज दोन मिनिटांत होणाऱ्या उपचारास तेव्हा चार मिनिटे लागतील. किरण तेच, गुण तोच. परंतु रांग दुप्पट लांबते. स्रोत वेळेवर बदलणे हा शोभेचा खर्च नव्हे.

कर्करोगालाही स्वतःचे घड्याळ असते. आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालणारा उपचार मध्येच खंडित झाला, तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. खंड पडण्याची कारणे आम्ही रोज पाहतो: एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, कांद्याची काढणी, आणि भय. यांपैकी एकावरही भौतिकशास्त्राजवळ उपाय नाही. तो आपल्याजवळ आहे.

म्हणून देणगीदारांना आमची विनंती आहे की, यंत्राबरोबरच रुग्णाच्या प्रवासाचा व सोबत्याच्या निवासाचाही विचार व्हावा. नातेवाइकांना विनंती आहे की, शंका मनात ठेवू नये. कितीही वेळा विचारावी. आणि आम्ही आपणांस वचन देतो की, उपचारास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाशी त्याला समजेल अशा भाषेत आम्ही बोलू. पडवीत निजणाऱ्या त्या आजोबांनी आम्हांस शिकविलेला हा धडा आहे.