माळवदावरची माती



तेरणा आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांत, पूर्वजांनी घरे बांधली ती वैशाखातले ऊन, चोरांचे भय आणि वर्षभराच्या धान्याची राखण या तीन गोष्टी मनात धरून. दोन-अडीच फूट, क्वचित चार फूट रुंदीची काळ्या पाषाणाची भिंत, तिच्या आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्या सर्वांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद अशी ही रचना असे. आणि बाहेर अंगाची लाही होत असताना ज्याने अशा घराच्या माजघरात घटकाभर पाठ टेकली असेल, त्याला या रचनेतले शहाणपण निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

मृग लागण्याच्या आधी घरचा कर्ता किंवा गडी माळवदावर चढतो, गेल्या साली पडलेल्या भेगा आणि उंदरांची बिळे बुजवतो, टोपल्यांनी नवी माती वर नेऊन पसरतो, ती धुमसाने ठोकून बसवतो आणि पाणी पन्हळीकडे वाहील असा उतार काढतो. हे काम निगुतीचे आहे व ते करणारा माणूस घराची काळजी वाहणाराच असतो. परंतु नवी माती चढते तेव्हा जुनी खाली उतरवली जातेच असे नाही, आणि आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळेस हातभर, कधी त्याहूनही अधिक झालेला असतो. फूटभर जाडीच्या मातीचे ओझे एका चौरस मीटरवर सुमारे पाच क्विंटल भरते. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशा लहानशा खोलीचा हिशेब केला तर पन्नास-पंचावन्न क्विंटल वजन घरातल्या माणसांच्या डोक्यावर रात्रंदिवस तोललेले असते, आणि पावसाची झड लागून माती भिजली म्हणजे ते आणखी वाढते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, हे सारे ओझे खाली आले. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती; गावोगावचे गणपती बोळवून लोक उशिरा अंथरुणाला पाठ लावून गाढ झोपेत होते. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती आणि त्याचा उगम जमिनीखाली फारसा खोल नव्हता. औसा तालुक्यातील किल्लारी, त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सरकारी दप्तराप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे दगावली, इतरांच्या अंदाजाने दहा हजारांच्या घरात, आणि बावन्न गावे मूळ गावठाण सोडून नव्या जागी वसवावी लागली. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप याहून लहान नव्हता, तरी त्यात बळी पडले ते दोनशेच्या आत-बाहेर. वस्तीची दाटी, भूकंपाच्या उगमाचे अंतर, अशी या फरकाची कारणे पुष्कळ आहेत; परंतु किल्लारीच्या परिसरात ज्यांनी ढिगारे उपसले त्यांच्या हाताला आधी लागली ती माती होती, ही गोष्ट कोणालाही नाकारता येणार नाही.

दक्षिणेचे हे पठार स्थिर आहे, येथे धरणीकंप व्हायचा नाही, अशी त्या काळी विद्वानांचीही समजूत होती. देशाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत असे. पुढे २००२ मध्ये ते पहिले क्षेत्रच नकाशातून काढून टाकण्यात आले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात घालण्यात आला. तथापि जमिनीने काहीच सूचना दिली नव्हती असे मात्र नव्हे. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या आसपास भूगर्भातून आवाज येत होते, धक्के बसत होते. १८ ऑक्टोबरच्या धक्क्याने तर काही घरांची पडझडही झाली. भयभीत झालेले लोक काही दिवस उघड्यावर झोपले, आणि धक्के थांबताच पुन्हा घरात गेले. यात त्यांचा दोष मला दिसत नाही. मोठा भूकंप होणार की नाही, होणार तर केव्हा, हेच जो तो विचारीत होता, आणि त्याचे उत्तर तेव्हा कोणापाशी नव्हते, आजही नाही. आपल्या भिंतीत आणि आपल्या माळवदात काय आहे व ते हलले तर कसे पडेल, हा प्रश्न मात्र गावातला चांगला गवंडीसुद्धा सोडवू शकला असता. तो त्याला कोणी विचारला नाही, याची खंत वाटते.

ही भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण वस्तुतः त्या दोन भिंती असतात: एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या अंगाची, आणि मधल्या पोकळीत माती व कपच्यांची भर. दोन्ही अंगांना जखडून धरणारे, भिंतीच्या रुंदीइतके लांब आडवे जोडदगड घातलेले असतील तर भिंत पुष्कळ तग धरते. ते नसतील तर जमीन हादरताच दोन्ही अंगे फुगून एकमेकांपासून सुटतात, आतली भर खाली घसरते आणि दगड आत-बाहेर कोसळतात. कित्येक वाड्यांत भिंती ढासळल्यावरही लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिलेल्या आढळल्या. यावरून जुन्या सुतारकामाची योग्यता ध्यानात येते, आणि दुरुस्ती कोठून आरंभावी याचाही बोध होतो.

आज जे कुटुंब अशा घरात राहत आहे त्याने घर पाडून नवे बांधावे, असे मी सुचवणार नाही. तेवढी ऐपत सर्वांची नसते. माळवदावरची अधिकाची माती उतरवून वीतभर थर ठेवावा आणि गळतीची धास्ती वाटत असेल तर त्याच्या खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा. भिंतीला सुमारे एकेक मीटर अंतरावर आरपार भोक पाडून, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवून ते काँक्रीटने भरावे, म्हणजे जोडदगडाचे काम होते. खांब आणि तुळई जेथे मिळतात त्या काटकोनात तिरपा टेकू ठोकावा. पदरी चार पैसे अधिक असल्यास छताच्या खालोखाल भिंतीला चोहोबाजूंनी जाळी बसवून सिमेंटचा पट्टा फिरवावा. भूकंपानंतर शासनाने लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीसाठी साहाय्य दिले; परंतु पुष्कळांनी त्या रकमेत जुन्या घराला हात न लावता शेजारी नवी खोली बांधली. नव्या खोलीत मुलगा-सून निजू लागली आणि म्हातारी माणसे त्याच जुन्या माळवदाखाली राहिली.

दगडमातीने एवढा संहार केल्यावर लोकांनी पत्र्याचा आश्रय घेतला, हे स्वाभाविकच होते. पण पत्रा हलका, आणि वळवाचा वारा असा की नीट न बसवलेला पत्रा पार शेतापर्यंत नेऊन टाकतो. म्हणून लोकांनी त्याच्यावर दगड ठेवले. ज्या दगडाला भिऊन भिंत सोडली तोच दगड अशा रीतीने डोक्यावर जाऊन बसला, आणि खालच्या खाटेवर लेकरे निजू लागली. मार्च २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप होऊन नांदेड-परभणीपर्यंत जमीन हादरली, तेव्हा छपरावरचे दगड काढून घ्यावेत असे आवाहन प्रशासनाला करावे लागले. आवाहन रास्त होते; परंतु नुसता दगड काढला तर पुढच्या वादळात पत्रा जाणार, हेही घरधन्याला दिसते, आणि म्हणून तो दगड हलवीत नाही. त्याला दगडाच्या जागी दुसरा आधार दिला पाहिजे. पत्रा जे-हुकाने खालच्या पाइपाला किंवा वाशाला घट्ट आवळून घ्यावा, वाऱ्याच्या अंगाच्या कडेला हुक दाट बसवावेत, आणि सगळे आवळून झाल्यावर मगच दगड खाली उतरवावेत. एका संकटावरचा बंदोबस्त दुसऱ्या संकटाचे निमित्त होत नाही ना, हे छपराकडे पाहताना प्रत्येक वेळी तपासावे लागते.

घराच्या आतही बघावे. धान्याच्या पोत्यांची थप्पी किंवा भांड्यांची उतरंड ज्या भिंतीशी रचली आहे तिच्या पायथ्याशी कोणाचे अंथरूण नसावे. रात्री दाराला आतून कुलूप लावण्याचा रिवाज असेल तर किल्ली एकाच ठरलेल्या खुंटीवर टांगावी आणि ती खुंटी लहान मुलांनाही ठाऊक असावी. विजेरी उशाशी हवी. गोठ्यातल्या जनावराची गाठ एका ओढीत सुटणारी असावी. सातबाराचा उतारा, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक या कागदांच्या प्रती परगावच्या आप्तांकडे ठेवाव्यात, कारण पुढे पंचनामा होऊन मदतीचा हुकूम निघेपर्यंत आपण कोण आणि आपले काय गेले, हे सिद्ध करण्याचा भार आपद्ग्रस्तावरच पडतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहार, फावडे, घमेले, दोर ही अवजारे बहुतेक घरांत कोठीच्या कोपऱ्यात असतात, म्हणजे घर पडले तर तीही गाडली जातात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पथक आणि यंत्रे यायला काही तास लागतात, आणि अरुंद बोळांत दोन्हीकडची घरे कोसळल्यावर ती आत शिरणेही कठीण होते. त्या पहिल्या तासांत जी माणसे जिवंत निघतात ती बहुतेक शेजाऱ्यांच्या हातून. म्हणून प्रत्येक गल्लीने पहारी, फावडी आणि दोर उघड्यावर, चावडीच्या ओट्यापाशी किंवा पाराजवळ ठेवावेत, आणि कोणत्या घरात कोण कोठे निजते हे शेजारच्याला माहीत असावे. गल्लीने आपसांत ठरवून घेतले तर त्यात संकोचाचे काही कारण नाही.

माळवदावरची माती उतरवायला दोन धडधाकट माणसांचे दोन-तीन दिवस लागतात. ज्या घरात कर्ता पुरुष शहरात मजुरीला गेला आहे, किंवा एकटी वृद्ध बाई राहते, तेथे हे काम आपणहून होणार नाही. ते गावाच्या तरुणांनी अंगावर घ्यावे, उन्हाळी नांगरट आटोपल्यावर आणि मृगाच्या आत. जुन्या घरांवरची ही पांढरी माती टाकाऊ नव्हे. गावठाणातली अशी माती शेतकरी खत म्हणून शेतात नेऊन टाकीत आलेले आहेत. तेव्हा ज्याच्या शेतात ती पडेल त्याने बैलगाडी किंवा ट्रॅक्टर द्यावा आणि ज्याच्या घरावरची असेल त्याच्याकडून वाहतुकीचा खर्च घेऊ नये, एवढे ग्रामसभेत बोलून ठेवले तर चालू सालीच आरंभ करता येईल.