सैनिकाच्या हाती लागलेले पुस्तक
(शताब्दी समारंभातील भाषण)



या वास्तूत आज ग्रंथांचा गौरव पुष्कळ झाला. मी मात्र रेल्वे स्थानकावर मिळालेल्या एका पुस्तकाविषयी बोलणार आहे.

किसन बाबुराव हजारे हा तरुण सैन्यात वाहनचालक होता. आयुष्य निरर्थक आहे, ते संपवावे, असे विचार त्याच्या मनात येत. नवी दिल्लीच्या स्थानकावर विवेकानंदांचे एक छोटे पुस्तक त्याच्या हाती लागले. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर सोबती धारातीर्थी पडले, तो वाचला. उरलेले आयुष्य इतरांसाठी वेचायचे, हा निश्चय या दोन अनुभवांतून झाला.

१९७५ मध्ये निवृत्ती घेऊन अण्णा राळेगणसिद्धीस परतले. पारनेर तालुक्यातील हे अवर्षणग्रस्त गाव. शेती पिकत नसे, म्हणून दारूच्या भट्ट्या पेटत आणि तरुण पिढी त्यांच्याभोवतीच वाढे. अण्णांनी स्वतःच्या पुंजीतून यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या देवळाचे काम हाती घेतले. त्या श्रमदानात तरुण एकत्र आले, त्यांचे मंडळ झाले, भट्ट्या विझल्या. पुढे पावसाचे पाणी अडवले गेले आणि रिकाम्या हातांना शेतीत काम मिळाले. गावात शाळा व वसतिगृह उभे राहिले; इतरत्र नापास झालेल्या मुलांना तेथे आवर्जून प्रवेश मिळू लागला.

मद्यपींना खांबाला बांधून फटके दिल्याचेही अण्णांनी लपविले नाही. मला ते पटत नाही. धाकाने सुटलेले व्यसन धाक सरताच परत येऊ शकते. नापास मुलाला दिलेली दुसरी संधी मात्र त्याची स्वतःची होते.

आपले बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. आपल्या वाचनकक्षात रोज सकाळी निवृत्त सुभेदार-हवालदार वर्तमानपत्रे वाचतात. बाहेर पायरीवर शाळा अर्धवट सोडलेली मुले बसतात. गेल्या वर्षी मीच त्यांना तेथून उठविले होते. आत या, असे म्हणण्याचे मला सुचले नाही. त्याची खंत आजही आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच: प्रत्येक निवृत्त सैनिकाने एका मुलाचा हात धरून त्याला आत आणावे, आणि ग्रंथालयाने त्या मुलाकडून अनामत घेऊ नये. पहिल्या पाच मुलांची वर्गणी मी भरीन. कोणते पुस्तक कोणाला तारील, हे आपल्याला आधी कळत नसते. आपण दार तेवढे उघडे ठेवावे.